जिभेवरचा फोड, चिनी वैद्यक आणि आपल्या खिशातला खर्रा

वर्षावासाच्या काळात अहेरीतल्या आमच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. मागच्या वर्षी एका संध्याकाळी वाचन संपले आणि खीर वाटणे सुरू झाले. एका मावशीने हात पुढे केला नाही. विचारले तर म्हणाली, "जीभ आली आहे जी ताई, काहीच खाल्ल्या जात नाही." दर महिना-दोन महिन्यांनी तिची जीभ अशीच येत होती.

बाजूला बसलेल्या कॉलेजच्या मुलाने लगेच मोबाइल काढला. एका व्हिडिओत चिनी वैद्यकाची माहिती होती. जिभेच्या टोकावर फोड म्हणजे हृदयात आग, कडेला फोड म्हणजे यकृतात आग, आणि अमुक चिनी पूड घेतली की फोड मुळापासून जातो, असे त्यात सांगितले होते. पूड ऑनलाइन मागवता येत होती. मुलाने मला विचारले, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, हे खरं आहे का?"

माझे शिक्षण समाजशास्त्राचे. मी डॉक्टर नाही. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. नंतर वाचन केले, डॉक्टरांना विचारले. जे कळले ते इथे मांडत आहे, कारण हा प्रश्न त्या एका मावशीपुरता नाही.

आपली 'उष्णता' आणि त्यांची 'आग'

आपल्याकडे तोंड आले की घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "उष्णता झाली." मग कुणी जाईची पाने चघळायला देते, कुणी तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या सांगते, कुणी बाभळीच्या सालीचा काढा करते, तर कुणी तूप किंवा ज्येष्ठमध लावते.

चीनमधले साधे लोकही हेच म्हणतात. तोंडात फोड आले, घसा दुखला, चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या की ते 'शांग ह्वो' म्हणतात, म्हणजे 'आग वर चढली'. मग घरात हिरव्या मुगाचे पाणी किंवा शेवंतीच्या फुलांचा चहा करतात आणि तिखट, तळलेले व दारू काही दिवस बंद ठेवतात. आपल्या आजीला हे सांगितले तर तिला त्यात परके काही वाटणार नाही.

फरक पुढे सुरू होतो. चिनी वैद्य 'आग झाली' एवढ्यावर थांबत नाही. आग कुठे आहे, ती खरी आहे की शरीर सुकल्यामुळे तसे भासते, हे तो शोधतो. त्यासाठी तो नाडी पाहतो आणि सर्वांत आधी जीभ पाहतो.

जिभेचा नकाशा

चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ 'ह्वांगदी नैजिंग' सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्या परंपरेत हृदयाचे दार जिभेत उघडते असे मानतात. जीभ हा हृदयाचा कोंब, अशी म्हणच तिथे आहे. हे हृदय म्हणजे फक्त रक्त ढकलणारा अवयव नव्हे. मन, झोप, काळजी, अस्वस्थता हे सगळे त्यांच्या मते हृदयाकडे येते. म्हणून माणूस चिंतेत असला, रात्री जागा राहिला की त्याचे दुखणे जिभेवर उमटते, असे ते समजतात.

पुढे जिभेचा नकाशाच तयार झाला. टोक हृदयाचे, कडा यकृत आणि पित्ताशयाच्या, मधला भाग जठर आणि प्लीहेचा, मुळाचा भाग मूत्रपिंडाचा. प्लीहा म्हणजे त्यांच्या भाषेत पचन आणि अंगात ताकद तयार करणारी यंत्रणा. वैद्य जिभेचा रंग पाहतो, तिच्यावरचा थर पिवळा आहे की पांढरा ते पाहतो, जीभ सुजून कडेला दातांचे व्रण उमटले आहेत का तेही पाहतो. व्हिडिओतली 'टोकाला फोड म्हणजे हृदयात आग' ही गोष्ट इथून आली आहे. पण ती त्या शास्त्राचा एक तुकडा आहे.

एकच फोड, वेगवेगळे उपचार

चिनी वैद्यकात तोंडातल्या फोडांचे ढोबळमानाने चार प्रकार करतात.

पहिला प्रकार हृदयातील आगीचा. फोड अचानक येतात, लालभडक असतात, फार दुखतात आणि बहुधा जिभेच्या टोकाजवळ असतात. सोबत तहान, चिडचिड, झोप न लागणे आणि गडद पिवळी लघवी. हृदय आणि लहान आतडे ही त्यांच्याकडे जोडी आहे. म्हणून वरची आग लघवीवाटे खाली उतरवायची, अशी उपचाराची कल्पना. यासाठीचा प्रसिद्ध काढा 'दाओ च्र सान'. बालरोगांचे वैद्य च्यान यी यांच्या बाराव्या शतकातल्या ग्रंथात तो आहे आणि तो लहान मुलांसाठी सांगितलेला होता.

दुसरा प्रकार जठरातील उष्णतेचा. तोंडाला वास, हिरड्या सुजणे, बद्धकोष्ठ, जिभेवर जाड पिवळा थर. तिखट, तेलकट आणि दारू ही कारणे. इथे 'ह्वांगल्यान' नावाच्या अतिशय कडू मुळीसारखी थंड औषधे देतात.

तिसरा प्रकार खोट्या आगीचा. शरीरातला ओलावा कमी झाला म्हणून आग भासते. फोड थोडे, कमी दुखणारे, पण पुन्हा पुन्हा येणारे. तळहात-तळपाय गरम, रात्री तोंड कोरडे, झोप उडालेली. इथे आग विझवण्यापेक्षा ओलावा भरून काढण्याचे औषध देतात.

चौथा प्रकार अशक्तपणाचा. जीभ फिकी, फोड फिके, माणूस थकलेला, भूक नाही, जुलाब होतात. ली दोंगयुआन (११८० ते १२५१) या वैद्याने यावर विशेष भर दिला. त्याचे म्हणणे असे की अशा रोग्याला थंड औषध दिले तर तो आणखी खचेल. त्याला ताकद देणारे, उबदार औषध हवे.

म्हणजे फोड सारखाच दिसतो, पण पहिल्या रोग्याला थंड औषध आणि चौथ्याला उबदार. त्यांच्याच शास्त्राप्रमाणे पाहिले तरी 'जिभेच्या फोडावर ही एक पूड' असे विकणारा माणूस चिनी वैद्यक पाळत नाही. रोग्याची जीभ न पाहता, नाडी न पाहता औषध देणे त्या परंपरेलाही मान्य नाही.

याशिवाय वरून लावायची औषधे आहेत. कलिंगडात एक क्षार भरून त्यावर जमणारी पांढरी भुकटी, म्हणजे 'शीग्वा श्वांग', फोडावर टाकतात. 'छिंगदाय' ही नैसर्गिक निळीची पूड लावतात. एका तिखट-कडू, गरम फळाची पूड व्हिनेगरमध्ये कालवून तळपायाला बांधतात, आग वरून खाली यावी म्हणून. हात-पायांवरच्या ठरावीक बिंदूंवर सुया टोचतात. ज्येष्ठमध तर आपल्यासारखाच त्यांच्या असंख्य काढ्यांत असतो.

जंगलातले आहे म्हणून निर्धोक नाही

आमच्या भागात एक समज पक्का आहे. जडीबुटी आहे, जंगलातली आहे, म्हणजे अपाय नाही. 'दाओ च्र सान'चा अनुभव याबाबत फार बोलका आहे.

या काढ्यात 'मुतोंग' नावाच्या वेलीचे खोड लागते. विसाव्या शतकात अनेक ठिकाणी त्या नावाखाली दुसऱ्याच कुळातली वेल वापरली जाऊ लागली. त्या वेलीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. त्याने मूत्रपिंड कायमचे निकामी होते आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या गोळ्यांत याच कुळातली दुसरी चिनी वनस्पती चुकून गेली आणि शंभराहून अधिक लोकांची मूत्रपिंडे खराब झाली. शेवटी २००३ मध्ये चीनने स्वतःच त्या चुकीच्या मुतोंगचा औषधी वापर बंद केला. त्याच कुळातली सापसण ही वेल आपल्याकडेही पारंपरिक औषधात वापरली जाते, हे लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण 'बिंगपंग सान' या फोडावर टाकायच्या जुन्या पुडीचे. तिच्या मूळ पाठात हिंगूळ आहे, म्हणजे पाऱ्याचे संयुग. कोणत्या पुडीत काय आहे हे पाकिटावरच्या चिनी अक्षरांवरून आपल्याला कळत नाही. ज्या पुडीतले घटक वाचता येत नाहीत ती तोंडात घालू नये, एवढे तरी आपण पाळू शकतो.

हे वैद्यक आपल्याला परके नाही

यावरून कुणी म्हणेल की चिनी वैद्यक म्हणजे सगळी भोंदूगिरी. तसेही नाही. बौद्ध म्हणून तर आपला त्याच्याशी जुना संबंध आहे.

इत्सिंग हा चिनी भिक्खू इ. स. ६७१ मध्ये चीनहून निघाला आणि पुढे नालंदा महाविहारात सुमारे दहा वर्षे राहिला. भिक्खूंच्या दैनंदिन आचाराबद्दल त्याने जे लिहिले त्यात दात घासण्याची काडी चावणे, तीच काडी चिरून, वाकवून जीभ खरवडणे, चूळ भरणे यावर वेगळे प्रकरण आहे. आजारात आधी उपवास करण्याची भारतीय पद्धत त्याला आवडली. नाडीपरीक्षा आणि सुईचे उपचार यांत मात्र चीनच पुढे आहे असे त्याचे मत होते. दोन्हीकडचे पाहून, पारखून त्याने लिहिले. तथागतांनीही भिक्खूंना दात घासण्याच्या काडीची अनुज्ञा दिली आणि तिचे फायदे सांगितले, असे विनयपिटकात आहे. तोंडाची स्वच्छता हा आपल्या परंपरेत शिस्तीचा भाग होता.

अलीकडचा संबंध महाराष्ट्राचा आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि भारतात परत येऊन त्यांनी ते सुरू केले. पुढे महाराष्ट्राने ॲक्युपंक्चर उपचारपद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आणि त्यासाठी परिषद नेमली. पण ही मान्यता सुईच्या उपचाराला आहे. मोबाइलवरून मागवलेल्या पुडीला त्यातून मान्यता मिळत नाही.

मग खरे काय मानायचे?

कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आपण विहारात अनेकदा ऐकतो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. हा नियम चिनी ग्रंथाला लागू आहे, आजीच्या काढ्याला लागू आहे आणि मोबाइलवरच्या व्हिडिओलाही.

तपासून पाहिले तर असे दिसते. जिभेचे टोक हृदयाला आणि कड यकृताला जोडलेली आहे, याला शरीरशास्त्रात आधार नाही. चिनी औषधांनी फोड लवकर भरतात असे सांगणारे अभ्यास झाले आहेत, पण त्यांतले बरेचसे लहान आणि कच्च्या पद्धतीचे आहेत. साधा फोड मुळात सात ते चौदा दिवसांत आपोआप भरतो. त्यामुळे दहाव्या दिवशी जो उपचार चालू असेल त्याला श्रेय मिळते. तुरटीला मिळते, जाईच्या पानाला मिळते, चिनी पुडीलाही मिळते.

पण त्यांच्या निरीक्षणात दम आहे. फोड पुन्हा पुन्हा येत असेल तर फक्त फोडाकडे पाहू नका, पूर्ण माणसाकडे पाहा, हे त्यांचे म्हणणे आजचे डॉक्टरही मान्य करतील. त्यांचा चौथा प्रकार आठवा: फिकी जीभ, थकवा, भूक नाही. आजचा डॉक्टर हे पाहून आधी रक्त तपासायला सांगेल. लोह, ब-१२ आणि फॉलिक आम्ल यांची कमतरता हे वारंवार जीभ येण्याचे ओळखीचे कारण आहे. ताण आणि अपुरी झोप यांनीही फोड येतात. तुटक्या दाताची धार जिभेला घासत असेल तरी त्याच जागी पुन्हा पुन्हा जखम होते.

आमच्या मावशीचे असेच निघाले. रक्त तपासले, हिमोग्लोबिन बरेच कमी होते. धान लावणीच्या दिवसांत सकाळी चहा-पोळी खाऊन बांधीत जायचे आणि दुपारी उरले असेल ते खायचे, ही तिची अनेक वर्षांची रीत. गोळ्या सुरू झाल्या, जेवणात पालेभाजी आणि अंडी आली आणि काही महिन्यांत जीभ येणे थांबले. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनी मात्र लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

जो फोड दुखत नाही

त्या संध्याकाळी मोबाइलभोवती आम्ही सगळे जमलो होतो तेव्हा एक काका थोडे बाजूला बसून ऐकत होते. घरी जाताना ते हळूच म्हणाले, "ताई, माझ्याही गालात आहे एक. पण तो दुखत नाही, म्हणून काही बोललो नाही." किती दिवसांपासून? "उन्हाळ्यापासून." आणि खर्रा? तो तर पंचवीस वर्षांपासून.

आपल्या भागात खर्रा काय आहे हे सांगायला नको. तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घोटायचा, गालात धरायचा आणि दिवस काढायचा. बायका नस किंवा गुडाखू दाताला लावतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेतात असे दिसले, आणि न जाळता खाल्ली वा लावली जाणारी तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्याकडची तंबाखू मुख्यतः तोंडातच ठेवली जाते. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर समोर घोटून मिळतो. तंबाखू बाजूला ठेवली तरी सुपारी निर्दोष ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. पुढे यातूनही कर्करोग होऊ शकतो.

कर्करोगाची जखम सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. साधा फोड दुखतो म्हणून आपण त्याच्या मागे धावतो आणि न दुखणाऱ्या जखमेला उष्णता म्हणून सोडून देतो. काकांनी चार महिने तुरटी लावली होती. तो व्हिडिओ पाहून त्यांनी चिनी पूड मागवली असती तर आणखी दोन-तीन महिने गेले असते. पूड किती वाईट असती माहीत नाही, पण ते महिने परत मिळाले नसते.

काकांना आधी इथल्या डॉक्टरांना दाखवले, तिथून पुढे नागपूरला पाठवले. गालातला तुकडा काढून तपासला. कर्करोग होता, पण सुरुवातीचा. शस्त्रक्रिया झाली. आज ते बोलतात, जेवतात, विहारात येतात.

काय लक्षात ठेवावे

तोंडातला कोणताही फोड किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर घरगुती, चिनी, आयुर्वेदिक कोणताही उपाय चालू असला तरी डॉक्टर किंवा दंतवैद्याला तोंड उघडून दाखवावे. तिसरा आठवडा संपू देऊ नये.

गालात किंवा जिभेवर पांढरा वा लाल चट्टा, गळ्याशी गाठ, गिळताना त्रास, जीभ बधिर होणे, आपली तीन बोटे उभी तोंडात न जाणे, यांपैकी काहीही दिसले तर दोन आठवडेही थांबू नये.

महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून गाल, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा आणि हिरड्या पाहाव्यात. चिनी वैद्य जीभ रोज पाहतो, आपण महिन्यातून एकदा तरी पाहू.

तिशीनंतरच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमातून आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. अहेरीत उपजिल्हा रुग्णालय आहे. कर्करोगाचे उपचार महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, त्यामुळे रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे. इथून गडचिरोली शंभर किलोमीटरहून दूर आणि नागपूर त्याच्याही पुढे. मजुरी बुडते, सोबत कुणी हवे, राहायचे कुठे हा प्रश्न असतो. लोक उशिरा पोहोचतात त्यात अज्ञानाइतकाच या अंतराचा वाटा आहे. विहार समित्यांनी सोबत जाणाऱ्या दोन तरुणांची आणि थोड्या प्रवासखर्चाची सोय ठेवली तर मोठे काम होईल.

खर्रा सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक आहे. जिल्ह्यात २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियान गावागावांत दारू आणि तंबाखूविरुद्ध काम करत आहे.

एक गोष्ट आपल्यातच बोलायची आहे. पाचवे शील आपण दारूपुरते वाचतो. खिशात खर्र्याची पन्नी ठेवून पंचशील म्हणणारे आपल्यात कमी नाहीत. यात कुणाला कमी लेखायचे नाही. काकाही आपलेच आहेत आणि ते सवयीत अडकले होते. यंदाच्या वर्षावासात ग्रंथवाचनाच्या एका संध्याकाळी प्रत्येक विहारात आरोग्यसेविकेला बोलवावे, सगळ्यांनी तोंड तपासून घ्यावे. आमच्या विहारात ही तारीख ठरली आहे. पहिले नाव काकांनी स्वतः लिहून दिले, आणि दुसरे मोबाइल दाखवणाऱ्या त्या मुलाने.